पंच क्रमांक दोन

पोलिसी मालिका मी पहिल्यापासून आवडीनं बघत आलोय. त्यात चोर असतो, इन्स्पेक्टर असतो, वकील असतो, पिंजऱ्यात उभा राहून घाम पुसणारा साक्षीदारही असतो. पंच मात्र जवळजवळ कधीच नसतो. गल्लीतनं बोलावून आणलेला, गुन्ह्याशी काडीचा संबंध नसलेला, दुकान अर्धं उघडं टाकून आलेला माणूस. जप्तीच्या कागदाला कोर्टात वजन येतं ते त्याच्या सहीनं आणि त्या सहीमागं उभं राहायच्या त्याच्या तयारीनं. तो माणूस मी होतो. बेळगावात, आमच्या वडगावात, २०१९ च्या पावसाळ्यात. त्या सहीची साक्ष द्यायला २०२३ उजाडलं. त्या काळात मी काय बघितलं आणि काय समजलो, ते नीट सांगावं असं फार दिवस मनात आहे.

वडगाव, खासबाग, शहापूर हा बेळगावचा यंत्रमागांचा पट्टा. पुढच्या खोलीत संसार, मागच्या सोप्यात दोन-चार माग, अशी घरं अजून आहेत. जुलैत मंगाई देवीची यात्रा भरते तेव्हा घरोघरी पैपाहुणे येतात आणि माग बंद राहतात. त्या यात्रेतच आमच्या समोरच्या शेडचं कुलूप तोडून कुणीतरी मागांच्या मोटारी सोडवून नेल्या. ऐकणाऱ्याला ही काही मोठी चोरी वाटणार नाही. पण मोटार गेली की माग थांबला, माग थांबला की विणणाऱ्याची मजुरी थांबली, आणि ज्या व्यापाऱ्याचं सूत बीमवर चढलंय तो साडी कुठाय म्हणून दारात उभा. नेणाऱ्याला यातलं काहीच नको असतं. त्याला हवं असतं मोटारीच्या पोटातलं तांबं.

फिर्याद झाली, ठसे घेणारे येऊन गेले. बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका सकाळी एक हेड कॉन्स्टेबल माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले.

"अण्णा, जरा स्टेशनला येऊन जावा की. पंच पाहिजेत."

"मीच कशाला?"

"लिहायला-वाचायला येतंय, गल्लीत मान आहे. आणि तुम्ही फिर्यादीचे पावणे न्हवं."

कायद्यातही साधारण हेच होतं, हे मला पुढं कळलं. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०० सांगायचं, झडतीला त्याच भागातली दोन किंवा जास्त स्वतंत्र, प्रतिष्ठित माणसं घ्या. सबळ कारणाशिवाय नाही म्हणणं हा गुन्हा होता, पण हवालदारांनी तो धाक घातला नाही. घातली ती आमच्या घरातनं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण. मंडळींचं चुकत नव्हतं. मी गेलो ते समोरच्या शेडमधले बंद माग रोज बघत होतो म्हणून.

स्टेशनात दुसरे पंच आधीच बसले होते, रिक्षा चालवणारे एक गृहस्थ. त्यांचं नाव कागदावर आधी लागलं, म्हणून मी पंच क्रमांक दोन. आरोपी दोघं. एक पूर्वी मागावर काम केलेला, कोवळा पोरगा. दुसरा मालवाहू गाडी चालवणारा, चांगला तिशीतला. साहेबांनी आधी आम्हाला आमचं काम सांगितलं: हा काय सांगतो ते ऐका, कुठं नेतो ते बघा, काय निघतं ते बघा. मी मुद्दाम त्या पोराचं तोंड, हात, चाल बघून घेतली. मार दिसत नव्हता. तो मराठीत म्हणाला, मोटारी नाल्याकडच्या एका खोपीत पुरल्यात, चला, दाखवतो. ते तसंच लिहून घेतलं गेलं. दुसरा भिंतीला टेकून बसला होता. तो एक अक्षर बोलला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला. त्या बघण्यावरनं मी तिथंच मनाशी ठरवून टाकलं, की खरा गुन्हेगार हाच, पोरगं नुसतं हाताखालचं.

जीप येळ्ळूरच्या बाजूला गेली. रस्ता सोडून पुढं बांधावरनं चालायचं होतं. शहापूर, वडगाव, येळ्ळूरची ही शेतवडी म्हणजे बेळगावच्या बासमतीची जमीन, आणि तिच्यातनंच बळ्ळारी नाला जातो. पावसात तो कधी फुगेल नेम नाही. भात गुडघ्याच्या जरा खाली होतं, बांध निसरडा. पुढं तो पोरगा, त्याचं मनगट धरलेला एक शिपाई, मागं साहेब, त्यांच्या मागं आम्ही दोघं पंच. पुढं कोण होतं हे लक्षात ठेवा, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मला ते लख्ख आठवतं, कारण शिपायानं दोनदा विचारलं, "इकडं का तिकडं?" आणि दोन्ही वेळा पोरानं हनुवटीनं वाट दाखवली.

खोप म्हणजे चार खांबांवर गवताचं छप्पर, तीन बाजूंना तट्टे, दार नाही. आत खताची रिकामी पोती, एक मोडकं फवारणी यंत्र, कोपऱ्यात पेंढा. पोरानं पेंढा पायानं सारला. खालची माती बाकीच्या जमिनीपेक्षा मऊ आणि काळी होती. त्याला खोरं दिलं नाही, खणलं दुसऱ्या एका शिपायानं. हातभर खाली पोत्याचा काठ लागला. पोती ओढून काढली तेव्हा त्यांच्यातनं गढूळ पाणी गळत होतं. आत चार मोटारी, आणि तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं. म्हणजे एखादी मोटार त्यांनी आधीच फोडली होती. मी खाली बसून एकेक मोटार बघितली. एकीच्या बैठकीच्या पायाला वेल्डिंगची जाड, वेडीवाकडी शिवण होती, आणि तिच्यावर निळ्या ऑइलपेंटचा हाताएवढा फराटा. समोरच्या शेडचं दार त्याच निळ्या रंगाचं. ते दार मी दुकानात बसल्या बसल्या दिवसभर बघतो.

महजर तिथंच लिहिला, जीपच्या बॉनेटवर, वर एक छत्री धरून. आमच्याकडं पंचनाम्याला पोलीस महजरच म्हणतात. तो कन्नडमध्ये. मी मराठी शाळेत शिकलेला, पण कन्नड मला वाचता येतं. छापील भराभर, हाताचं लिहिलेलं सावकाश. पाऊस भुरभुरत होता, सगळ्यांना परतायची घाई होती, रिक्षावाल्या पंचांनी सही करून टाकली होती. मी म्हटलं, साहेब, एकदा सगळं वाचून दाखवा आणि मराठीत सांगा. साहेबांनी घड्याळ बघितलं, पण लिहिणाऱ्या हवालदारांना वाचायला लावलं. चतु:सीमा आली तेव्हा मी थांबवलं. नाला पूर्वेला लिहिला होता. नाला पश्चिमेला होता, आम्ही उभे होतो तिथनं दिसत होता. हवालदारांनी ते खोडून पश्चिम केलं, खाडाखोडीपाशी आमच्या सह्या घेतल्या, मग खाली पूर्ण सह्या.

लाखेचं काम त्याहून अवघड झालं. मोटारी कापडात शिवायच्या, गाठीवर लाख वितळवून मोहोर मारायची, आत आमच्या सह्यांची चिठ्ठी. काडेपेटी ओली. शेवटी जीपच्या आडोशाला लायटरवर लाखेची कांडी धरली. ती मोहोर आणि ती चिठ्ठी हाच पुढं कोर्टात पुरावा असतो की शेतात सापडलेली वस्तू ती हीच, मधे कुणी बदललेली नाही. सगळे ताटकळले होते, तरी शेवटची मोहोर बसेपर्यंत मी तिथनं हललो नाही.

पुढच्या काही दिवसांत ऑगस्ट २०१९ चा तो महापूर आला. नाल्याकाठची सगळी शेतवडी पाण्याखाली गेली. मोटारी तिथंच राहिल्या असत्या तर त्यांचं काय झालं असतं, ते सांगायला नको.

मग काहीच घडलं नाही. दोषारोपपत्र गेलं म्हणे. कोरोना आला, कोर्टं बंद झाली. त्याच काळात बंगळुरात नोकरीला असलेला माझा भाचा लॅपटॉप घेऊन आमच्याकडं राहायला आला. मी महजराची हकीकत सांगितल्यावर म्हणाला, मामा, एक भाग दाखवतो, बघा.

मालिका अमेरिकेतली, 'होमिसाईड: लाइफ ऑन द स्ट्रीट'. एनबीसी या वाहिनीवर १९९३ ला सुरू झालेली, बाल्टिमोर शहरातल्या खुनांच्या तपासावरची. डेव्हिड सायमन नावाच्या बातमीदारानं १९८८ हे वर्ष तिथल्या खून तपास पथकाबरोबर काढलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं, त्यातनं ही मालिका आली. भाच्यानं दाखवलेला भाग 'थ्री मेन अँड अडीना'. टॉम फोंटाना यांनी लिहिलेला, मार्टिन कॅम्पबेल यांनी दिग्दर्शित केलेला. फोंटानांना त्याच्या लेखनासाठी एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं. जवळजवळ सगळा भाग एका खोलीत घडतो. अकरा वर्षांच्या अडीनाचा खून झालाय. संशय आहे घोडागाडीवरनं फळं विकणाऱ्या टकर नावाच्या म्हाताऱ्यावर, मोझेस गन यांनी केलेला. समोर बेलिस आणि पेंबल्टन हे दोन तपास अधिकारी. हातात बारा तास. तेवढ्यात कबुली मिळाली तर मिळाली, नाहीतर सोडून द्यायचं.

पाठलाग नाही, गोळीबार नाही. दोघं त्याला गोंजारतात, ओरडतात, उपाशी-दमलेला करतात, खोटं बोलतात. म्हातारा दारू सोडल्याचं सांगतो, एकटेपणाचं सांगतो, उलट त्या दोघांचीच सालं काढतो. शेवटी कबुली देतो ती भलतीच: त्या पोरीवर आपला जीव जडला होता. खुनाची नाही. बारा तास संपतात. सुरुवातीला खात्री असलेला बेलिस आता डळमळलाय, आणि आधी शंका घेणाऱ्या पेंबल्टनला खात्री पटलीय. उत्तर नाहीच. ज्या खऱ्या प्रकरणावर हे बेतलंय, त्याचाही उलगडा झाला नाही.

मी तो भाग लगेच पुन्हा लावायला सांगितला. पोलिसांवर इतकं खरं मी पडद्यावर काही बघितलं नव्हतं. खरं कशात, तर दमण्यात. चेहरे उतरतात, शर्ट चुरगाळतात, तोच प्रश्न पुन्हा विचारताना आवाज खरखरतो. बांधावर छत्रीखाली लिहिणाऱ्या आमच्या हवालदारांच्या चेहऱ्यावर तेच होतं. आणि दुसरं, मला आतनं हलवणारं: नुसतं बघून एखाद्याबद्दल खात्री होणं किती सोपं असतं, आणि ती खात्री किती कच्ची असते. भिंतीला टेकून बसलेला तो तिशीतला माणूस मला आठवला.

पण एक गोष्ट आमच्याकडं तशी नाही, आणि ती मी भाच्याला सांगितली. अमेरिकेत पोलिसांच्या खोलीत दिलेली कबुली, ती दबावाखाली नसेल आणि हक्क सांगून घेतलेली असेल, तर कोर्टात चालते. म्हणून त्या बारा तासांना एवढी किंमत. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यानं त्या खोलीवर विश्वासच ठेवला नाही. कलम २५ नं पोलिसासमोरची कबुली आरोपीविरुद्ध वापरायला बंदी घातली. कलम २६ नं पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेलीही बाद ठरवली, मॅजिस्ट्रेट समोर नसेल तर. फट ठेवली एकच, कलम २७ ची: त्याच्या सांगण्यामुळं एखादी गोष्ट उजेडात आली, तर त्या शोधाशी थेट जोडलेलं तेवढंच सांगणं पुराव्यात घ्यायचं. प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टाचा, पुलुकुरी कोट्टय्या निवाडा वकील अजून याच्यासाठी काढतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी कलम २३ मध्ये हेच सगळं आहे. त्या टकरनं बेळगावात सगळं कबूल केलं असतं, तरी तेवढ्यावर खटला उभा राहिला नसता. आपल्याकडं खोलीच्या बाहेर पडून खोपीपर्यंत जावं लागतं, आणि तिथं पोलिसांशिवाय दुसरे डोळे म्हणून आपल्यातलाच कुणीतरी उभा राहावा लागतो. हे काम मला त्या दिवशी पहिल्यांदा मोठं वाटलं.

समन्स आलं. राणी चन्नम्मा सर्कलजवळचं कोर्टाचं आवार मला माणसांनी भरलेलं माहीत होतं, आता आत बसून कळलं की त्यातली निम्मी माणसं नुसती थांबलेली असतात. आधीच्या तारखा अशाच गेल्या. कधी आरोपी हजर नाही, कधी वकिलांना मुदत. मग एकदा आमची साक्ष लागली.

पंच क्रमांक एकना आधी बोलावलं. ते म्हणाले, सही माझी आहे, पण आत काय लिहिलंय माहीत नाही, सही स्टेशनात केली. सरकारी वकिलांनी त्यांना फितूर जाहीर करून घेतलं आणि उलटे प्रश्न विचारले, उपयोग झाला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. मला त्यांचा राग आला नाही. प्रत्येक तारखेला त्यांची रिक्षा उभी, दिवसाची कमाई बुडालेली, आणि आरोपींपैकी एक त्यांच्याच स्टँडच्या बाजूला राहणारा. लोक ठरवून खोटं बोलतात त्यापेक्षा कंटाळून आणि घाबरून जास्त बोलतात, असं माझं मत झालंय.

माझा पुकारा झाला. मी मराठीत सांगेन म्हटलं. न्यायाधीश दक्षिणेकडच्या जिल्ह्यातले होते. कोर्टातले एक कर्मचारी माझं बोलणं कन्नडमध्ये सांगत आणि ते टाइप होई. मी झालो पी. डब्ल्यू. ४, म्हणजे सरकार पक्षाचा चौथा साक्षीदार, महजर झाला निशाणी पी-३, आणि त्यावरची माझी सही पी-३(ए). मोटारी कोर्टात नव्हत्या. मालकांनी हमीपत्र लिहून त्या केव्हाच ताब्यात घेतल्या होत्या, मागाला जोडल्याही होत्या. मुद्देमाल स्टेशनात वर्षानुवर्षं गंजत ठेवू नये, फोटो काढून मालकाला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलंय. म्हणून मला फोटो दाखवले. वेल्डिंगची ती शिवण आणि निळा फराटा बघितल्याबरोबर मी ओळखलं आणि कशावरनं ओळखलं तेही सांगितलं.

उलटतपासणी आरोपींच्या वकिलांनी सुरू केली. बाई तरुण होत्या, आवाज एकदाही चढवला नाही.

"तुम्हाला कन्नड वाचता येत नाही."

"येतं. हाताचं लिहिलेलं सावकाश येतं. म्हणून मी वाचून घेतलं."

"तुम्ही फिर्यादीच्या समोर राहता."

"होय."

"त्या खोपीला दार नाही. तिथं कुणीही येऊ-जाऊ शकतं."

"दार नाही, खरं आहे. पण मोटारी उघड्यावर नव्हत्या. पेंढ्याखाली पुरलेल्या होत्या."

मग त्यांनी महजर वर धरला. नाल्याच्या दिशेची खाडाखोड दाखवली आणि म्हणाल्या, हा कागद स्टेशनात बसून केलाय, ही दुरुस्ती मागाहून झालीय, तुम्ही त्या जागेवर गेलेलाच नाही. मी म्हटलं, ती दुरुस्ती मीच करायला लावली. नाला पश्चिमेला आहे. जागेवर गेलो नसतो तर पूर्व लिहिलंय हे चुकलं, असं मला कसं कळलं असतं? न्यायाधीशांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि ते उत्तर माझ्याच शब्दांत घ्यायला सांगितलं.

त्यानंतरचा प्रश्न साधा होता. "दुसऱ्या आरोपीनं तुमच्यासमोर काही सांगितलं? काही काढून दिलं?"

माझ्या मनात तो तिशीतला माणूस अजूनही तसाच बसला होता, भिंतीला टेकून, माझ्याकडं बघत. मला वाटत होतं ते मी सांगू शकलो असतो. गप्प होता पण सगळं त्याचंच होतं, असं काहीतरी. पण बघितलं काय होतं? तो स्टेशनातच राहिला होता.

"नाही," मी म्हटलं.

मागनं सरकारी वकिलांच्या फायलीचा आवाज आला. साक्ष मला वाचून दाखवली, मराठीत समजावली, बरोबर आहे म्हणून सही घेतली.

निकाल २०२४ मध्ये लागला. घरफोडी दोघांवरही शाबीत झाली नाही. त्या रात्री शेडमध्ये कोण शिरलं हे कुणी बघितलं नव्हतं, आणि शेडमधले ठसे कामाला आले नाहीत. पोराला चोरीचा माल बाळगल्याबद्दल, जुन्या दंडविधानाच्या कलम ४११ खाली शिक्षा झाली. तिशीतला माणूस सुटला. निकालपत्रात पंच क्रमांक एक फुटल्याचं लिहिलंय, आणि एकाच पंचाची साक्ष विश्वासार्ह असेल तर ती पुरते असंही लिहिलंय. समोरचे मालक अजून विचारतात, अण्णा, खरा करणारा सुटला काय ओ? मी त्यांना उत्तर देत नाही, कारण माझ्याजवळ ते नाही. एके काळी होतं असं मला वाटायचं.

आता १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणं झडती आणि जप्तीचं, शक्यतो मोबाईलवर, चित्रीकरण करावं लागतं, सह्या होईपर्यंतचं. ते चांगलंच झालं. चित्रीकरण असतं तर पहिल्या पंचांना फिरायला जागा राहिली नसती, आणि त्या बाईंना खाडाखोडीचा प्रश्न विचारावा लागला नसता. पण नाला कुठल्या बाजूला आहे हे कागदावर चुकलं, तर ते मोबाईल बोलून दाखवणार नाही. तिथं वाचून घेणारा कुणीतरी लागेलच. म्हणून दुकानात येणाऱ्या पोरांना मी सांगत असतो, पंच म्हणून बोलावलं तर जावा, आणि कागद ऐकल्याशिवाय सही करू नका.

पोरानं सेशन्स कोर्टात अपील केलंय. अपिलात साक्षीदारांना सहसा परत बोलावत नाहीत, खालच्या कोर्टातलं रेकॉर्डच वाचतात. पी. डब्ल्यू. ४ ची ती कन्नडमधली पानं आता तिकडं आहेत. तारीख अजून लागलेली नाही.